दगडाबाईंची पाच ठिगळं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
५ डिसेंबर २०२४, गुरुवार

सौ. हेमावती हिस,

शरणु. मी इकडे ठीक आहे. तू, ऋतुजा आणि नात तिकडे बार्शीत ठीक असाल असं धरून चालतो. शिवराज जावयांना आणि विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. ऋतुजाला म्हणावं, दिवस भरत आलेत, आता उगाच जिना चढ-उतर करू नको.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की आपली लेक स्पीकर लावते. मग मी काय बोलतो ते विहीणबाई ऐकतात, जावई ऐकतात आणि नात मध्येच "आजोबा, जेवलात का" म्हणून विचारते. बायकोशी चारचौघांत बोलायचं तरी काय? चाळीस वर्षं वहीत लोकांची मापं लिहिली, तेव्हा पेन धरायची सवय आहे. म्हणून लिहितो.

जेवणाचे हाल नाहीत. शेजारच्या चंद्रव्वा सकाळी दोन भाकरी आणि शेंगाची चटणी देऊन जातात. देताना रोज एकच विचारतात, "हेमाक्का कधी येनार?" मी कसा आहे हे अजून एकदाही विचारलेलं नाही.

तू गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर काळी मशीन उघडून पुसली. दुकान बंद केलं तेव्हा तिन्ही जुन्या मशीन घरी आणल्या, त्यातल्या दोन माडीवर झाकून ठेवल्या आणि ही तू घेतलीस. तिचं तू काय करून ठेवलंयस ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. दाबाचा स्क्रू पार ढिला, टाका हा एवढा लांब, पट्टा सैल. माझ्या वडिलांनी एकसष्ट साली घेतलेली मशीन ही. तिच्यावर सदरे, कोट, शाळेचे गणवेश शिवले गेले. तिच्या दातांखाली तू लोकांच्या वाकळा शिवायला सात पदरी जुनी लुगडी सारतेस. आता ती सारूनही घेते, ही गोष्ट खरी. ऋतुजानं कौतुकानं दिलेली ती पांढरी मोटरची मशीन चौथ्या पदरालाच सुई मोडते. काळी कधी कुरकुरत नाही. पण तिला तेल कोण घालतं? पट्टा तुटला तर चामडं आणून पिन कोण मारतं? आणि लोक म्हणतात काय, तर "मावशींची मशीन".

काल एक बँकेतले साहेब आले होते. दारातूनच म्हणाले, मावशी आहेत का? म्हटलं, मी आहे, चाळीस वर्षांचा टेलर आहे, काय द्यायचं ते द्या. म्हणाले, नको, मावशी आल्यावरच येतो. छातीशी पिशवी धरून परत गेले. पिशवीत काय सोन्याची वीट नव्हती, वडिलांची धोतरं होती.

कॉलेजच्या त्या मुलीनं दिवाळीत तुझा व्हिडिओ केला, तेव्हापासून हे सगळं वाढलंय. मी तो व्हिडिओ परवा पुन्हा पाहिला. तुझे हात, तुझ्या वाकळा, तुझं बोलणं, मशीनचं चाक. मी तेव्हा शेजारीच उभा होतो. माझं फक्त कोपर आलंय.

असो. आता कामाचं. विडी घरकुल वसाहतीतली अंकिता आली होती. तीच, जिची आई दगडाबाई गेल्या वर्षी वारली आणि जिनं आईची पाच लुगडी तुझ्याकडे वाकळ करायला दिलीत. अठरा तारखेला वर्षश्राद्ध आहे, त्याआधी मिळेल का, असं विचारत होती. तू तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत येत नाहीस. मी म्हटलं, मिळेल, मी पुरी करतो. ती जरा घुटमळली. मावशींनी तुम्हाला सगळं सांगितलंय ना, म्हणाली. मी हो म्हटलं.

तुझं अर्धं काम उलगडून पाहिलं. दगडाबाई तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या, त्यामुळं पाचही लुगडी मांडीपाशी त्याच जागी विरलेली. बाईनं तिथं काळ्या दोऱ्यानं स्वतःच ठिगळं लावलेली, तीही ओबडधोबड. तू नेमकी ती पाच ठिगळं वाकळेच्या मधोमध घेतलीस आणि भोवती पांढरा कच्चा टाका घातलास. चांगले काठ मात्र कडेला पडले. त्यात तू कात्री लावत नाहीस, हातानं टरकावतेस, म्हणून कडा कुठं दोन बोटं आत तर कुठं बाहेर. मला वाकडं बघवत नाही, हे तुला लग्नापासून माहीत आहे. जरा सरळ करून घेईन. तू काळजी करू नकोस.

तुझा,
गुरुशांत


शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ डिसेंबर २०२४, शनिवार

सौ. हेमावती हिस,

शरणु. नातू झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे ऐकून जीव भांड्यात पडला. मी लगेच पेढे आणले आणि गल्लीत वाटले. चंद्रव्वा म्हणाल्या, हेमाक्काच्या हाताला यश आहे. बाळंतपण डॉक्टरीणबाईंनी केलं असं माझ्या ऐकण्यात होतं.

फोटो पाहिला. बाळाचं नाक आपल्या घरावर गेलंय. त्याला तुझ्या त्या छोट्या वाकळेत गुंडाळलंय आणि विहीणबाई तिचा कोपरा वर करून दाखवतायत. मी पाठवलेलं झबलं कुठंय? मलमलीचं आहे, आतून एक शिवण टोचणार नाही असं हातानं शिवलंय. बगलेत लहान झालं म्हणून ऋतुजा म्हणाली. लहान होणार नाही. नवजात बाळाचं माप मला कळत नाही, असं आता माझी लेक मला सांगणार का?

मशीन उत्तम चालू आहे. दाबाचा स्क्रू मी पुन्हा पूर्वीसारखा आवळला, टाका बारीक केला, अठरा नंबरची सुई घातली. सहा वर्षांनी त्या स्टुलावर बसलो आणि पायडलवर पाय ठेवला. पहिली टीप मारली ती गजभर लांब. काडीचाही फरक नाही. माझे डोळे गेले, हात गेला, असं लोकांना वाटतं, त्यांना ती टीप दाखवायला हवी होती.

अंकिताची वाकळ बुधवारी पुरी झाली. हेमावती, तुला आवडो न आवडो, पण अशी वाकळ आपल्या घरातून अजून गेली नव्हती. चारी कोपरे काटकोनात. काठ काठाला जुळवला. सगळं विरलेलं काढून टाकलं आणि धड कापड तेवढं ठेवलं. दुकानाच्या शोकेसमध्ये टांगावी अशी झाली.

गुरुवारी अंकिता येऊन घेऊन गेली. तिनं ती पलंगावर पसरली, मग उलटी केली, परत सुलटी केली. तळहातानं मध्यभागी चाचपून बघत होती. ठिगळं कुठायत, असं विचारलं. मी म्हटलं, ती काढली, टिकणारी नव्हती. मग तिनं तुझ्याबद्दल काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं, आता नीटसं आठवत नाही. वाकळेची घडी घालून गेली. छान झाली एवढं म्हणायला काय हरकत होती, असं मला वाटलं. पण हल्लीच्या पोरींना कामातलं कळत नाही.

थंडी वाढली आहे. बाळाला टोपी घालत जा. माझी नको, बाजारातली घाल, तिच्या मापात कुणी खोट काढणार नाही.

तुझा,
गुरुशांत


शुक्रवार पेठ, सोलापूर
२२ डिसेंबर २०२४, रविवार

हेमावती,

काल तुझा फोन आला. पहिल्यांदाच स्पीकर नव्हता. गच्चीवर जाऊन बोलत होतीस, वारा ऐकू येत होता.

अंकिताचा तुला फोन आला होता, हे तू सांगितलंस. श्राद्ध झाल्यावर रडत बोलली म्हणालीस. "मावशी, तुमी शब्द दिला होता की मला," असं म्हणाली. ठिगळं कापायला मावशींनीच सांगितलं, असं मी तिला सांगितल्याचंही बोलली. आणि तू मला विचारलंस ते असं, "अवो, मी खरंच तसं बोलले व्हय तुमाला? जायच्या गडबडीत काय उलटं बोलून गेले का काय. मला आता आठवतच न्हाय बघा." वर म्हणालीस, ती फोनवर बोलत होती तेव्हा विहीणबाई शेजारीच होत्या, त्यांना वाटलं असेल की हिनं मेलेल्या बाईच्या लुगड्यांची वाट लावली. मग तू स्वतःच कानडीत "इरली, ऱ्हाऊ दे" म्हणालीस.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, असू दे, वय झालं की होतं असं.

हेमावती, तू विसरली नाहीस. तू उलटं काही बोलली नाहीस. बार्शीला जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मशीनला तेल घालत होतो. तू वाकळ माझ्यासमोर पसरलीस, माझा तेलकट हात आधी तुझ्या पदराला पुसलास आणि मग धरून त्या पाच ठिगळांवरून फिरवलास. म्हणालीस, "ह्ये हात लावून बघा. तिची आई हितं हाय. बाकी सगळं कापड हाय. ह्याला कात्री लागू देऊ नका." ठिगळांना तंबाखूचा वास येतो, तो जाऊ नये म्हणून वाकळ धुवूही नका, असंही सांगितलंस. मी हूं म्हटलं. मला एक अन् एक शब्द पाठ आहे.

तरीही मी कापली. आणि अंकितानं, मावशींना माहीत आहे का, असं विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "त्यांनीच सांगितलं काप म्हणून." मागच्या पत्रात आठवत नाही असं लिहिलं, तेही खोटं.

का, ते आता लिहितो. तोंडानं मला सांगता येणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोटचे मडिवाळप्पा आपल्या बायकोच्या साड्यांची वाकळ न्यायला आले होते, आठवतं ना. वाकळ हातात घेतली आणि तोंड तिच्यात खुपसून तो माणूस रडला. मग वाकून तुझ्या पाया पडला, तुझ्यापेक्षा मोठा असून. मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. त्याच्या लग्नाचा कोट मी शिवलाय, हेमावती. त्र्याऐंशी साली. राखाडी रंगाचा, दोन बटणांचा, त्याचा डावा खांदा उतरता होता म्हणून आत पाव इंच जास्तीचं कापड घातलं होतं. मी त्याच्यासमोर उभा होतो आणि त्यानं मला ओळखलं नाही. कप घेतला आणि तुझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्या हातात देव आहे.

त्या दिवसापासून माझं मन कडू झालं. मी चाळीस वर्षं शिवलं. सबंध पेठेतली लग्नं माझ्या हातून गेली. लोक दुकानात येऊन रागावले, घाई केली, बाही लांब झाली म्हणून भांडले. माझ्या हातचं काही छातीशी धरून कुणी रडलं नाही. तू शिवण शिकलीस कुठं? माझ्या दुकानात, मागच्या बाजूला बसून, काज करून आणि बटणं लावून. सरळ टीप तुला आजही मारता येत नाही. आणि तुझी वाकडी टीप लोकांना देवाची वाटते. मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या हाताचा, तुला मारलेल्या हाकांचा, अगदी चंद्रव्वांच्या त्या रोजच्या विचारण्याचासुद्धा. नवऱ्यानं बायकोचा हेवा करावा ही लाजेची गोष्ट आहे, म्हणून मी त्याला सरळ टिपेचं नाव दिलं.

कात्री घेताना माझा हात थरथरला, असं लिहिलं असतं तर बरं वाचलं गेलं असतं. तो थरथरला नाही. उलट बरं वाटलं. तुझा पांढरा कच्चा टाका एकेक करून ओढून काढला, पट्टी ठेवली, खडूनं रेघ मारली आणि पाचही तुकडे सरळ कापून बाजूला टाकले. वाटलं, आता लोकांना कळेल टेलर कोण आहे.

काल तुझा फोन ठेवल्यावर मी कात्रणाचं पोतं जमिनीवर उपडं केलं. नशीब, भंगारवाला या महिन्यात फिरकला नव्हता. चार ठिगळं सापडली. पाचवं कुठं सापडेना. शेवटी मशीनच्या खणात हात घातला. पाचवं मी मशीन पुसायला घेतलं होतं. काळं झालंय. तेल असं मुरलंय की पिळलं तर निघेल.

आज सकाळी विडी घरकुलात गेलो. अंकिता अंगणात होती. वाकळ आत कपाटावर ठेवली होती, तिनं इथून घालून नेलेली घडी तशीच. वर्षश्राद्धाला तिनं ती उघडलीही नव्हती. मी दारातच सांगून टाकलं, बसायला म्हणण्याआधी. मावशींचा यात काही दोष नाही, त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, मी मुद्दाम कापली आणि त्यांचं नाव पुढं केलं. का कापली असं तिनं विचारलं. तेही सांगितलं. माझ्या लेकीएवढी पोर ती, तिच्यासमोर उभं राहून सांगितलं की मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो.

मी पाच तुकडे तिच्या हातात दिले. चार तिनं एकावर एक ठेवले. पाचवं नाकाशी नेलं.

"ह्याला आता आईचा वास न्हाय," म्हणाली. "मशीनचा हाय."

एवढंच. आवाज चढवला नाही. मला वाटत होतं, शिव्या द्याव्यात.

पाचवा तुकडा तिनं ठेवून घेतला. बाकीचे चार आणि वाकळ माझ्याकडे परत दिली. मी म्हटलं, मी उसवून पुन्हा करून देतो, होती तशी. तर म्हणाली, "उसवा. पण शिवायला मावशीच पायजेत. तुमी हात लावू नका." मावशींना मी उगाच बोलले, आज फोन करून माफी मागते, असंही म्हणाली. आता खरं सांगतो, कारण सगळंच सांगायला बसलो आहे. ती "हात लावू नका" म्हणाली, तेव्हा एवढं सगळं होऊनही मला पुन्हा तेच वाटलं. म्हणजे हे गेलेलं नाही. जाईल तेव्हा जाईल. पण आता मला ते ओळखू येतं, आणि त्याच्या हातात कात्री द्यायची नाही एवढं मी ठरवलंय.

दुपारपासून उसवायला बसलोय. बारीक टाका घातला होता, तो डाळीतला खडा वेचावा तसा एकेक काढावा लागतो. ब्लेड जपून चालवतोय, कापड फाटता कामा नये. चारपैकी एक बाजू मोकळी झाली. माझ्या हातून इतकी सरळ टीप आयुष्यात दुसरी गेली नसेल, आणि ती मीच काढतोय. काढताना वाईट वाटतं. तेही तुला माहीत असावं.

हे पत्र तू आधी एकटी वाच. मग ऋतुजाला वाचायला दे, आणि विहीणबाईंनाही वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. तुझं नाव त्यांच्या घरात माझ्यामुळं खराब झालं, ते तिथंच साफ व्हायला हवं. जावयासमोर मान खाली जाईल, जाऊ दे. तुझी का जावी?

परत यायची घाई करू नकोस. बाळंतिणीचा सव्वा महिना होऊ दे. आल्यावर माझ्यावर रागव, चंद्रव्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रागव. पण "इरली" म्हणून मिटवू नकोस, मला त्याची भीती वाटते.

दाबाचा स्क्रू तू ठेवला होतास तिथपर्यंत परत ढिला केलाय. नेमका किती होता ते कळेना, म्हणून तू शिवलेल्या एका जुन्या वाकळेवर टाका जुळवून पाहिला. दुकानात बॉबिन भरायचं काम नेहमी सगळ्यात नव्या माणसाकडे असायचं. उसवून झालं की मी तुझ्यासाठी बारा बॉबिनी काळ्या दोऱ्यानं भरून ठेवतो. स्टुलावर तू बस.

तुझ्या हाताचा अजूनही हेवा करणारा, आणि तुझ्यावर खोटं ढकलल्याची लाज वाटणारा,

गुरुशांत